लिंबू सरबतातच बरं

डाळीचं पीठ, चिमूटभर हळद आणि दुधावरची साय. साबण घरोघरी येण्याआधीची ही रीत रसायनशास्त्राच्या कसोटीवर बऱ्यापैकी टिकते. पीठ तेल आणि मळ शोषून घेतं. सायीतल्या स्निग्धांशाचा पातळ थर त्वचेवर बसतो, त्यामुळे आतलं पाणी लवकर उडत नाही. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. तेव्हा साय हवीच. (ते खोलवर शिरतं असं मात्र समजू नये. पिवळी होते ती वरवरची कातडी.) दह्यातलं लॅक्टिक आम्ल प्रसाधनांतही असतं, पण दह्यात ते जेमतेम एक टक्क्याच्या आसपास.

घोटाळा आहे तो लिंबाचा. निरोगी त्वचेचा सामू ५ च्या आसपास, लिंबाच्या रसाचा २ ते ३. सामू एका अंकानं उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे इथे फरक शंभर ते हजारपट! शिवाय लिंबातली फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं उन्हातल्या अतिनील किरणांनी चेतवली जातात. मग त्वचा भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात, कधी कधी महिनोन्महिने. डाग घालवायचा हा उपाय! खायचा सोडाही नको, तो दुसऱ्या टोकाचा, अल्कधर्मी. बाकी काहीही लावायचं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दिवसभर वाट पाहावी.