आजोबांची लेन्स

दिवाळीच्या सुट्टीत मिरजेला गेले, तर दारातच आजीने सांगितलं, "आजोबांचं यंत्र बंद पडलंय गं. तू इलेक्ट्रॉनिक्सवाली ना? बघ जरा." झालं! तीन वर्षं इंजिनिअरिंग शिकून घरच्यांची आपल्याकडून एवढीच अपेक्षा असते. कधी मिक्सर, कधी इस्त्री, कधी पंख्याचा रेग्युलेटर. या वेळी सीडी प्लेअर.

(आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादक मंडळाने सुधारलं असेलच. नसेल सुधारलं तर दोघांनाही माफ करा.)

तर मित्रमैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, या जमान्यात सीडी ऐकतं कोण? फोनवर सगळं मिळतं की! मीही तेच म्हणाले होते. पण आजोबा ८१ वर्षांचे आहेत आणि त्यांच्या नजरेचा मधला भाग जवळजवळ गेलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. फोनच्या गुळगुळीत काचेवर बटण शोधणं त्यांना जमत नाही. सीडीचं तसं नाही. आजीने प्रत्येक कव्हरवर टिकल्या चिकटवल्या आहेत. एक टिकली म्हणजे भीमसेनजी, दोन म्हणजे किशोरीताई, तीन म्हणजे कुमारजी. आजोबा बोटांनी टिकल्या मोजतात, ट्रे उघडतात, चकती ठेवतात, बटण दाबतात. दिवसातली ही एक गोष्ट ते कुणालाही हाक न मारता करतात. ती बंद पडली होती.

शिवाय त्या सीडींमध्ये एक घरी रेकॉर्ड केलेली सीडी-आर आहे. १९७८ साली एका घरगुती बैठकीत आजोबांनी तबल्याची साथ केली होती, तिचं रेकॉर्डिंग. २००४ मध्ये काकांनी टेपवरून ते सीडीवर उतरवून घेतलं. मूळ टेप सांगलीतल्या नातेवाइकांकडे होती, ती २०१९ च्या पुरात गेली. म्हणजे उरली ती एकच चकती, आणि ती वाचणारं यंत्र म्हणतंय "नो डिस्क".

यंत्र उघडलं. वर्षभरापूर्वी एका रिपेअरवाल्याने ते "ठीक" करून दिलं होतं. काय केलं होतं ते नंतर कळलं. लेसरचा करंट ठरवणारा एक छोटा प्रिसेट असतो, तो त्याने पिळून वाढवून ठेवला होता. म्हाताऱ्या घोड्याला चाबूक मारल्यासारखं! घोडा चार महिने धावला आणि बसला. त्या मॉडेलची लेन्स आता कुठेच मिळत नाही. मी तपकीर गल्लीत विचारलं, एका मित्राने मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारलं. नाही म्हणजे नाही. मग नवं काय घ्यायचं हा प्रश्न आला, आणि मी जे शिकले ते इथे लिहिते आहे.

आधी एक बेसिक फंडा. सीडी प्लेअरच्या डब्यात खरं तर दोन यंत्रं असतात. एक चकती फिरवून तिच्यावरचे आकडे वाचतं, दुसरं त्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल बनवतं. दुसऱ्याला डॅक म्हणतात. नुसतं पहिलंच यंत्र डब्यात भरलं की झाला सीडी ट्रान्सपोर्ट. त्याच्या मागे कोअॅक्सियल किंवा ऑप्टिकल डिजिटल आउटपुट असतं, तिथून वायर डॅकला, डॅकमधून अॅम्प्लिफायरला. आता बघा, डॅकमध्ये काहीही हलत नाही. अॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्यूमच्या नॉबशिवाय फारसं काही हलत नाही. झिजतो तो ट्रान्सपोर्ट. म्हणून टिकाऊपणाचा सगळा विचार तिथेच करायचा.

त्याचं काम काय आहे हे कळलं की तो का मरतो हेही कळतं. सीडीवर आतून बाहेर जाणारी एकच गुंडाळलेली रेघ असते, सरळ केली तर ५ किलोमीटरच्या वर भरेल. शेजारशेजारच्या दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. आपल्या केसाच्या जाडीत असे चाळीसेक वेढे मावतात! चकती आतल्या बाजूला मिनिटाला साधारण ५०० वेळा फिरते, बाहेर जाता जाता २०० वर येते, म्हणजे लेन्सखालून जाणाऱ्या रेघेचा वेग सारखा राहतो. ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेसर त्या रेघेवर धरून ठेवायचा असतो, आणि चकती तर कधीच पूर्ण सपाट किंवा अगदी मधोमध नसते. म्हणून लेन्स छोट्या कॉइल्सवर टांगलेली असते. ती सतत वरखाली आणि आतबाहेर थरथरत फोकस आणि ट्रॅक सांभाळते. कंट्रोल सिस्टिम्सच्या लेक्चरला झोपणाऱ्यांनी एकदा उघडा प्लेअर चालताना बघावा, अर्थात कडेने. लेसरच्या वर डोळा नेऊ नका. तो जवळजवळ अदृश्य असतो, म्हणूनच जास्त धोक्याचा.

आता मरतं काय काय? लेसर डायोड हळूहळू मंद होतो, हे खरं. पण "लेसर गेला" म्हणून टाकून दिलेल्या प्लेअर्सपैकी पुष्कळांचा लेसर गेलेला नसतोच. लेन्सवर धूळ बसलेली असते. पूर्ण पिकअप ज्या दांडीवर सरकतो तिच्यावरचं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं, त्यामुळे पहिली चार गाणी वाजतात आणि पुढे अडकतं. ट्रेचा रबरी बेल्ट सैल पडतो, ट्रे अर्धवट उघडतो. चकती फिरवणाऱ्या मोटरचे ब्रश झिजतात. सर्व्हो बोर्डवरचे कपॅसिटर वाळतात. यातलं बरंचसं शंभर-दोनशे रुपयांत आणि एका दुपारीत सुटतं. लेन्सचं तसं नाही, ती मिळायलाच लागते.

म्हणून माझा नियम एकच : डब्यावरचं नाव नंतर वाचा, आधी आतल्या लेन्सचा नंबर वाचा. तुम्हाला वाटेल महागडी वस्तू जास्त टिकेल. पेटी जड असते, रिमोट अॅल्युमिनियमचा असतो, पण आत अशी लेन्स असू शकते जी कंपनीने बनवणं कधीच बंद केलंय. फिलिप्सचं सीडी-प्रो-२ हे मेकॅनिझम एकेकाळी कितीतरी भारी ट्रान्सपोर्ट्समध्ये होतं. ते बंद झालं आणि लोक जुन्या मशीनमधून सुटे भाग शोधत बसले. उलट सोनीची केएसएस-२१३ किंवा सान्योची एसएफ-पी१०१एन या लेन्स साध्या प्लेअर्सपासून ते बऱ्यापैकी महाग मशीनपर्यंत इतक्या ठिकाणी वापरल्या गेल्या की त्यांच्या चिनी नकला आजही मिळतात. नकलांचा दर्जा कमीजास्त असतो, म्हणून दोन घ्याव्यात. दुकानात "पिकअप" म्हटलं तर बघत बसतील, "लेन्स" म्हणा.

फिलिप्सच्या सुरुवातीच्या यंत्रांचा मात्र मान ठेवायला हवा. त्यांच्यात लेन्स दांडीवर सरकत नव्हती, रेकॉर्ड प्लेअरच्या हातासारखी झुलत होती. गिअर नाही, ग्रीस वाळायचा प्रश्न नाही. ऐंशीच्या दशकातले हे पैलवान काही घरांत अजून वाजतात. पण पैलवान पडला तर बदली पैलवान नाही.

आवाजाचं काय? यावर हॉस्टेलमध्ये आमची जाम वादावादी झाली. माझं मत सांगते. सीडीतून सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल, म्हणजे १४,११,२०० बिट बाहेर पडतात. रीड-सॉलोमन कोडिंगमुळे रेघेवर सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा डाग पडला तरी हरवलेले बिट जसेच्या तसे परत मिळवता येतात. धडधाकट ट्रान्सपोर्ट, मग तो स्वस्त असो वा महाग, तेच आकडे देतो. क्लॉकच्या बारीक थरथरीचा, म्हणजे जिटरचा मुद्दा आहे, पण बरा आधुनिक डॅक तो बराचसा गाळून टाकतो. त्यामुळे हजारो रुपयांची डिजिटल केबल मी घेणार नाही. केबल टीव्हीची वायर ७५ ओहमचीच असते आणि कोअॅक्सियल डिजिटललाही तेवढंच लागतं. दोन आरसीए पिना लावल्या की काम झालं.

मग पर्याय बघितले. नवे ट्रान्सपोर्ट मिळतात. ऑडिओलॅब ६०००सीडीटी चांगला आहे, पण त्यात चकती फटीत सरकवायची असते. आमच्याकडे ते चालणार नाही, कारण आजोबांनी एकदा कव्हरऐवजी सीडीवरच टिकली लावली होती! फटीत तशी चकती गेली तर आतच अडकायची. (आणि सीडी-आरवरची टिकली ओढून काढायलाही जाऊ नका. वरच्या बाजूला चकाकणाऱ्या थरावर फक्त लाखेचं पातळ आवरण असतं, टिकलीबरोबर गाणंही निघून येतं.) केंब्रिज ऑडिओचा सीएक्ससी ट्रेचा आहे, पण बाबांनी सांगितलेल्या बजेटमध्ये तो बसेना. वरून झाकण उघडणारे येतात, त्यांना ट्रेची मोटर-बेल्टची भानगड नाही, टिकाऊपणात ते एक पाऊल पुढे. पण लेन्स उघडी पडते आणि आजोबांचं बोट नेमकं तिथेच जाणार.

घरातला जुना डीव्हीडी प्लेअर? तात्पुरता ट्रान्सपोर्ट म्हणून झकास, बहुतेकांना मागे कोअॅक्सियल असतं. पण मेकॅनिझम हलकं, आवाज खरखर, आणि बऱ्याच मॉडेल्सवर टीव्ही लावल्याशिवाय कुठलं गाणं चालू आहे ते कळत नाही.

शेवटी सेकंडहँड सीडी प्लेअर शोधला. केएसएस-२१३ वाला, मागे कोअॅक्सियल, पुढे ठसठशीत बटणं. घ्यायला जाताना मी तीन चकत्या बरोबर नेल्या. एक सत्तर मिनिटांच्या वरची : तिचं शेवटचं गाणं अगदी बाहेरच्या कडेला असतं, तिथे वाजलं म्हणजे दांडी, ग्रीस ठीक. एक सीडी-आर : लेसर मंदावला असेल तर तीच आधी दगा देते. एक ओरखडे पडलेली. पहिल्यावरून शेवटच्या गाण्यावर उड्या मारल्या, दहा वेळा ट्रे उघडला, दीड तास चालू ठेवला. मालक वैतागले, पण चहा दिला. सीडी-आर अडखळत होती, त्यावरून किंमत कमी करून घेतली आणि लेन्स बदलायची ठरवली.

आणि इथे आमची फजिती. हॉस्टेलच्या रूमवर नवी लेन्स बसवली, केबल लावली, चकती टाकली... "नो डिस्क"! दुसरी लेन्स लावली. "नो डिस्क"! दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या. दोन दिवसांनी लॅब असिस्टंट सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, लेन्सच्या नखाएवढ्या पीसीबीकडे बघितलं आणि म्हणाले, "हा सोल्डरचा थेंब कोण काढणार?" स्टॅटिकने लेसर डायोड उडू नये म्हणून कारखान्यातच त्याची दोन टोकं सोल्डरने जोडून पाठवतात. बसवून केबल लावल्यावर तो थेंब काढायचा असतो. अंगावरच्या स्वेटरच्या एका ठिणगीत डायोड जाऊ शकतो, म्हणून मनगट अर्थ करूनच हात लावायचा. थेंब काढला आणि यंत्र पहिल्या झटक्यात वाजलं. मग सरांच्या परवानगीने सीआरओ लावला. आरएफ पॉइंटवर हिऱ्यांची जाळी दिसावी तशी नक्षी स्थिर उभी राहिली, एक व्होल्टच्या आसपास. हाच तो आय पॅटर्न. जाळी स्वच्छ म्हणजे लेन्स तंदुरुस्त. प्रिसेटला मी हातही लावला नाही.

ती १९७८ ची सीडी-आर मात्र मी यंत्राची वाट न बघता आधीच लॅपटॉपच्या ड्राइव्हवर हळू वेगाने कॉपी करून घेतली होती. एका ठिकाणी चार-पाच वेळा अडखळली, मग निघाली. आता ती फाइल तीन ठिकाणी आहे. मूळ चकती कपाटात, अंधारात, कारण सीडी-आरवरचा रंग उन्हाने आणि उष्णतेने विटतो. आजोबांना तिची नवी प्रत करून दिली, कव्हरवर पाच टिकल्या.

संक्रांतीला यंत्र मिरजेला नेऊन जोडलं. आजोबांनी डॅकबद्दल विचारलं, मी समजावू लागले, तर म्हणाले, "अगं, बटण कुठलं ते सांग." ट्रेच्या बटणावर आजीने टिकली लावली. त्यांनी पाच टिकल्यांचं कव्हर शोधलं, चकती ठेवली आणि सम आली तेव्हा आरामखुर्चीच्या हातावर थाप मारली. मग म्हणाले, "इथे मी लय वाढवली होती. बुवा रागावले होते नंतर."

उरलेली लेन्स सिलिका जेलच्या पुडीसकट बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहे, थेंब न काढता, आणि डब्यावर तारीख आणि नंबर लिहिला आहे. कुणाच्या घरी प्लेअर "नो डिस्क" म्हणत असेल तर टाकून देऊ नका. झाकण उघडून लेन्सचा नंबर लिहून आणा, गर्ल्स हॉस्टेलच्या ऑफिसात चिठ्ठी ठेवली तरी चालेल.