आज्ञावलींतील छिद्रांचा शोध

संगणकाचा उपयोग आतां घरोघर होऊं लागला आहे. पालकांचें बँकेंतील खातें, विद्यार्थ्यांच्या परीक्षेची नोंद, आगगाडीचें तिकीट, आप्तांस पाठविलेलें पत्र, हें सर्व आपण त्याच्या स्वाधीन केलें आहे. संगणक स्वतः कांहींच जाणत नाहीं. मनुष्यानें लिहून दिलेल्या आज्ञा तो एकामागून एक पाळीत असतो. ह्या आज्ञा मनुष्य ज्या मूळ रूपांत लिहितो, त्यास सोर्स कोड असें म्हणतात. हा कोड मनुष्यास वाचतां येतो, ही मोठ्या महत्त्वाची गोष्ट आहे. कारण जें वाचतां येतें तें तपासतांही येतें. ही तपासणी यंत्राकडून कशी करविली जाते, व तें यंत्र कोठें फसतें, ह्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम चूक आणि छिद्र ह्यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. बेरजेच्या ठिकाणीं वजाबाकी लिहिली तर उत्तर चुकतें, व तें लवकरच कोणाच्या तरी लक्षांत येतें. ही चूक होय. परंतु दुसरी एक जात अशी आहे कीं, प्रोग्राम नेहमींच्या वापरांत अगदीं बिनबोभाट चालतो, हजारों लोक तो वर्षानुवर्षें वापरतात, कोणास कांहीं खटकत नाहीं. मात्र एकाद्यानें मुद्दाम वेडेंवाकडें कांहीं त्याच्यापुढें केलें, कीं तो आपलें कवाड उघडून देतो. हें छिद्र होय. घराच्या मागील खिडकीस कडी नसली तर घरांत राहणाऱ्याचें त्यावांचून कांहींच अडत नाहीं. तें न्यून चोर आला म्हणजेच कळतें. म्हणून प्रोग्राम चालवून पाहिला व तो नीट चालला, एवढ्यावरून तो सुरक्षित आहे असें म्हणतां येत नाहीं. त्याचा मूळ लेखच वाचावा लागतो.

१९८८ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या २ तारखेस अमेरिकेंत जें घडलें, त्यानें ही गोष्ट पुष्कळांच्या प्रत्ययास आणून दिली. कॉर्नेल विद्यापीठांत शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिस नांवाच्या तरुणानें आपोआप पसरत जाणारा एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. दुसऱ्याच्या संगणकांत शिरण्याचे त्याचे मार्ग अनेक होते; त्यांपैकीं एक आपल्या विषयास उपयोगाचा आहे. सी नांवाच्या भाषेंत ‘गेट्स’ म्हणून एक आज्ञा असे. बाहेरून आलेली ओळ उचलून ती संगणकाच्या स्मृतींत ठेवी. पण ठेवण्यास जागा किती आहे, हें ती कधीं विचारीतच नसे. ज्या प्रोग्रामांतून मॉरिसचा प्रोग्राम आंत शिरला, त्यांत ५१२ अक्षरांपुरती जागा राखलेली होती. त्याहून लांब ओळ आली कीं ती शेजारच्या जागेंत सांडे. आणि त्या शेजारीं ‘हें काम संपल्यावर पुढें कोठें जावयाचें’ हें संगणकानें टिपून ठेविलेलें असे. तें टिपण पुसून त्या जागीं आपल्या सोयीचा पत्ता उमटविला, कीं घरधनी पाहुण्याच्या आज्ञा पाळूं लागे. सुमारें ६००० संगणक ह्या उपद्रवांत सांपडले असा त्या वेळचा अंदाज होता.

इतक्या ढोबळ छिद्रासाठीं तपासनीसही साधा पुरतो. कोडांत जेथें जेथें ‘गेट्स’ हा शब्द दिसेल, तेथें तेथें तांबडी खूण करावी म्हणजे झालें. डेव्हिड व्हीलर ह्यांचें फ्लॉफाइंडर नांवाचें साधन २००१ सालीं निघालें, तें मुख्यत्वें ह्याच रीतीनें चालतें. धोकेबाज आज्ञांची यादी त्याच्यापाशीं असते, व ती घेऊन तें सबंध कोड चाळून काढतें. ‘गेट्स’ ही आज्ञा तर पुढें इतकी बदनाम झाली कीं, २०११ सालीं सी भाषेचें नवें प्रमाण ठरलें त्यांतून ती काढूनच टाकण्यांत आली.

परंतु नुसत्या शब्दांवरून दोषी कोण हें ठरत नाहीं. स्वयंपाकघरांतही सुरी असते. जी आज्ञा एका ठिकाणीं घातक, तीच दुसऱ्या ठिकाणीं जागेचें माप आधींच घेतलेलें असल्यामुळें अगदीं निरुपद्रवी असते. म्हणून यंत्रास शब्दांच्या पलीकडे जाऊन वाक्य समजावून घ्यावें लागतें. आपल्या विद्यार्थ्यांस वाक्यपृथक्करण ठाऊक आहे: उद्देश्य कोणतें, विधेय कोणतें, कोणतें विशेषण कोणास लागतें. चांगलें तपासणी-यंत्र कोडाचें असेंच पृथक्करण करितें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टीफन जॉन्सन ह्यांनीं १९७८ च्या सुमारास ‘लिंट’ नांवाचें साधन तयार केलें, तें ह्या कुळांतील एक मूळपुरुष होय. कापडावर चिकटून राहणाऱ्या बारीक तंतूंस इंग्रजींत लिंट म्हणतात. कोडास चिकटलेला असला कचरा वेंचून काढणें हें त्याचें काम.

ह्याच्याही पुढची पायरी म्हणजे माहितीच्या प्रवाहाचा माग काढणें. ओढ्याच्या एका डोहांत रंग टाकावा, आणि तें रंगीत पाणी खालीं कोणकोणत्या पाटांतून जातें हें पाहात जावें, तशी ही युक्ति आहे. बाहेरच्या मनुष्यानें जें कांहीं टंकिलें, तें सर्व रंगीत समजावयाचें. तें एका नांवांतून दुसऱ्या नांवांत, एका प्रकरणांतून दुसऱ्या प्रकरणांत कसें वाहतें, हें यंत्र कागदावरल्या कागदावर, म्हणजे प्रोग्राम न चालवितांच, ताडून पाहतें. वाटेंत तें पाणी एकाद्या गाळणीतून गेलें, म्हणजे त्याची लांबी मोजली गेली किंवा त्यांतील भलतीं अक्षरें काढलीं गेलीं, तर रंग उतरला. पण गाळणी न लागतां तें धोक्याच्या ठिकाणीं पोहोंचलें, तर यंत्र हांक मारतें. समजा, एका संस्थेच्या पानावर ‘आपलें नांव लिहा’ असा रकाना आहे, आणि प्रोग्राम तें नांव जसेंच्या तसें आपल्या दप्तराला विचारावयाच्या प्रश्नांत जोडून देतो. कोणी त्या रकान्यांत नांवाऐवजीं आज्ञेचाच एक तुकडा लिहिला तर? दप्तर ती आज्ञा पाळतें आणि सर्वांचीं खातीं उघडीं पडतात. असलीं छिद्रें प्रवाहाचा माग काढणारीं यंत्रें पुष्कळ वेळां बिनचूक दाखवितात, व मनुष्याचे डोळे थकले तरी तीं थकत नाहींत.

ह्या रीतीची शक्ति किती व तिचें न्यून कोणतें, हें २०१४ सालच्या एका प्रकरणांत जितकें स्पष्ट दिसलें तितकें दुसरीकडे क्वचितच दिसेल. इंटरनेटवरील गुप्त संभाषणासाठीं ओपन-एसएसएल नांवाचा एक प्रोग्राम जगभर वापरला जातो. तो कोणा एकाच्या मालकीचा नाहीं. त्याचा कोड कोणासही वाचण्यास मोकळा आहे. १४ मार्च २०१२ रोजीं त्याची जी आवृत्ति निघाली, तींत ‘हार्टबीट’, म्हणजे हृदयाचा ठोका, नांवाची नवी सोय होती. दोन संगणक बोलत असतां, पलीकडचा अद्याप जागा आहे कीं नाहीं हें कळावें, एवढाच तिचा हेतु. अलीकडच्यानें म्हणावयाचें, “हा शब्द घे, तो इतक्या अक्षरांचा आहे, तोच मला परत पाठीव.” पलीकडच्यानें तो परत पाठवावयाचा. यांत वाईट काय आहे?

वाईट एवढेंच कीं, ‘इतक्या अक्षरांचा’ ह्या सांगण्यावर पलीकडचा विश्वास ठेवी. आलेला शब्द तो मोजून पाहात नसे. एकाद्या कचेरींत जाऊन कोणी कारकुनास एका ओळीची चिठ्ठी द्यावी व म्हणावें कीं, ही शंभर ओळींची आहे, हिची नक्कल करून द्या. आणि त्या भल्या कारकुनानें पहिली ओळ संपतांच टेबलावर पुढें पडलेले दुसऱ्या लोकांचे कागद, शंभर ओळी भरेपर्यंत, उतरून द्यावे, तसा हा प्रकार होता. एका खेपेस सुमारें ६४,००० अक्षरांपर्यंत परक्याची स्मृति हातीं येई. तींत कोणाचा परवलीचा शब्द, कोणाचें पत्र, कधीं त्या संगणकाची गुप्त किल्लीही असे. खेपा कितीही करतां येत, आणि नेहमींच्या नोंदवहींत त्याची खूणही उरत नसे. ७ एप्रिल २०१४ रोजीं ही गोष्ट जगजाहीर झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कॅनडाच्या करखात्यांतून सुमारें ९०० लोकांचे सामाजिक विमा-क्रमांक ह्याच छिद्रांतून चोरीस गेल्याचें त्या खात्यानें सांगितलें. ‘हार्टब्लीड’, म्हणजे रक्त गळणारें हृदय, हें ह्या छिद्रास मिळालेलें नांव यथार्थच होतें.

गूगलमधील नील मेहता ह्यांनीं तो कोड बारकाईनें तपासून हें छिद्र काढलें. आणि त्याच सुमारास फिनलंडमधील कोडनॉमिकॉन ह्या कंपनीच्या माणसांसही स्वतंत्रपणें तें सांपडलें. मग प्रश्न असा उठतो कीं, तपासणी-यंत्रें दोन वर्षें काय करीत होतीं? त्यांस हें छिद्र दिसलें नव्हतें. कारण मोठें बोधप्रद आहे. लांबीचा आंकडा बाहेरून आलेला आहे, हें कोडांत कोठेंच उघड लिहिलेलें नव्हतें. तो आंकडा अनेक हातांतून फिरत, एका मोठ्या थैलींतील दोन अक्षरांच्या रूपानें येई, आणि मग तीं दोन अक्षरें जोडून त्याची संख्या केली जाई. इतक्या वळणांनंतर यंत्राच्या लेखीं त्याचा रंग उडून गेला होता. कोव्हेरिटी ह्या प्रसिद्ध साधनाच्या कर्त्यांनीं लागलीच विचार केला: जेथें कोड सुटीं अक्षरें विशिष्ट क्रमानें जोडून संख्या तयार करितो, तेथें ती संख्या बहुतेक बाहेरूनच, दुसऱ्या संगणकाकडून आलेली असणार, मग ती रंगीत कां समजूं नये? एवढा एक नियम घालतांच यंत्रास तें छिद्र दिसूं लागलें. म्हणजे डोळे होते. कोठें पाहावें हें मनुष्यानें अजून शिकविलें नव्हतें.

कोणी म्हणेल, सर्व नियम एकदांच घालून पूर्ण यंत्र कां करूं नये? तें होणें नाहीं, आणि हें कोणाच्या आळसामुळें नव्हे. अॅलन ट्यूरिंग ह्यांनीं १९३६ सालीं व हेन्री राइस ह्यांनीं १९५३ सालीं गणितानें सिद्ध करून दाखविलें आहे कीं, कोणत्याही प्रोग्रामाविषयीं तो चालतांना अमुक करील कीं नाहीं, ह्याचें उत्तर नेहमीं व निश्चित देणारी सर्वसामान्य रीत असूंच शकत नाहीं. तेव्हां यंत्र करणाऱ्यास दोहोंतून निवड करावी लागते. थोडा संशय आला कीं ओरडावें, तर निरपराध ओळींवरही खुणा होतात. खात्री झाल्यावरच बोलावें, तर कांहीं छिद्रें राहून जातात. पहिल्या पक्षाचा तोटा लहान वाटतो, पण तो लहान नाहीं. लांडगा आला म्हणून रोज ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट मुलांस सांगावयास नको. दहा हजार इशाऱ्यांची यादी हातीं आली कीं कोड लिहिणारा ती न वाचतांच बाजूस ठेवितो.

इशारा मिळण्याची व्यवस्था असून ती चालूच केली नाहीं, असेंही घडतें. त्याच २०१४ सालच्या फेब्रुवारींत अॅपल कंपनीच्या फोनांत एक छिद्र आढळलें. पलीकडच्या संगणकाची ओळख पटविणाऱ्या कोडांत ‘येथून शेवटाकडे उडी मार’ अशा अर्थाची एक ओळ चुकून दोनदां लिहिली गेली होती. पहिली ओळ अटीस बांधलेली होती, दुसरी मोकळी. त्यामुळें शेवटची व महत्त्वाची परीक्षा होण्यापूर्वींच प्रोग्राम उडी मारून ‘ठीक आहे’ म्हणे. त्या ओळीच्या खालच्या ओळींपर्यंत प्रोग्राम कधींच पोहोंचूं शकत नव्हता, आणि असल्या निर्जीव ओळी ओळखणें यंत्रास अगदीं सोपें आहे. पण कोडाचें भाषांतर करणाऱ्या साधनांत ‘सर्व इशारे दाखीव’ म्हणून जी कळ आहे, तींत हा इशारा येतच नाहीं. तो निराळा मागावा लागतो. ‘सर्व’ ह्या शब्दाचा असा अर्थ कोशांत सांपडणार नाहीं!

आतां उलट बाजूचें एक उदाहरण. तेंही ओपन-एसएसएलचेंच आहे, पण आठ वर्षें आधींचें. डेबियन नांवाच्या संगणक-व्यवस्थेंत हा प्रोग्राम सांभाळणाऱ्यास व्हॅलग्रिंड ह्या यंत्राचा इशारा आला. हें यंत्र कोड वाचीत नाहीं, तर प्रोग्राम चालूं असतां त्याच्या स्मृतीवर नजर ठेवितें. कांहीं न लिहिलेली जागा हा प्रोग्राम वाचतो, अशी तक्रार होती, व ती खरी होती. परंतु गुप्त किल्ली तयार करण्यासाठीं जितकी म्हणून अनिश्चितता मिळेल तितकी गोळा करावी लागते, आणि ती जागा त्याचसाठीं वाचली जात होती. त्यांत अपाय कांहींच नव्हता. यंत्राची तक्रार थांबावी म्हणून २००६ सालीं दोन ओळी वगळण्यांत आल्या. त्यांपैकीं एक निरुपद्रवी होती; दुसरी मात्र सर्व गोळा केलेली अनिश्चितता आंत मिसळणारी ओळ होती. यंत्र शांत झालें. प्रोग्रामही पूर्वींप्रमाणें चालूं लागला. पण त्या दिवसापासून किल्लीची निवड केवळ चालूं कामाच्या क्रमांकावर अवलंबून राहिली, आणि असे क्रमांक फार तर ३२,७६८. अगणित किल्ल्यांच्या जागीं एवढ्याच. एका प्रकारच्या सर्व किल्ल्या एकाद्यानें बसून करून ठेवाव्या इतक्या थोड्या.

जवळजवळ दोन वर्षें हें कोणाच्याही लक्षांत आलें नाहीं. लुचियानो बेल्लो ह्यांना तें आढळलें व १३ मे २००८ रोजीं तें प्रसिद्ध झालें. नवी आवृत्ति बसविणें हा त्यावर पुरा उपाय नव्हता. मधल्या काळांत जगांत जेथें जेथें अशी किल्ली तयार झाली होती, तेथें तेथें ती टाकून नवी करावी लागली. डेबियनच्या लोकांनीं त्या दुर्बळ किल्ल्यांची यादी करून, त्यांपैकीं एकादी घेऊन कोणी दाराशीं आल्यास तीस नाकारण्याची व्यवस्था केली, आणि वगळलेली ती दुसरी ओळ पुन्हां आपल्या जागीं लिहिली.