‘द पाथ’ : संथ गतीविषयीची दोन मते

बेल्जियममधील ‘टेल ऑफ टेल्स’ या नावाने काम करणाऱ्या ऑरिया हार्वे व मिकाएल सामीन या कलावंत दांपत्याने २००९ मध्ये ‘द पाथ’ हा भयप्रधान व्हिडिओ गेम प्रसिद्ध केला. लाल टोपीवाल्या मुलीच्या युरोपीय लोककथेवर तो आधारलेला आहे. सहा बहिणींपैकी एकीला निवडून आजीच्या घरी न्यायचे असते; वाट सोडू नये, एवढीच सूचना असते. परंतु ती पाळणाऱ्यास खेळ अपयशी ठरवितो. यशासाठी मुलीची अरण्यात तिच्या लांडग्याशी गाठ पडावी लागते. चाल अतिशय संथ असून धावल्यास भोवतालचे नीट न्याहाळता येत नाही.

खेळाडूंची मते येथेच दुभंगतात. एका गटाच्या मते आव्हानाविना खेळ संभवत नाही. ही गती केवळ कंटाळा आणते. दुसऱ्या गटास तीच भयाचे साधन वाटते, कारण मुलीला संकटाकडे आपणच नेत आहोत, ही जाणीव पावलोपावली टोचत राहते.

पहिल्या गटाची तक्रार निराधार नाही. तथापि, जेथे यश म्हणजेच मुलीची हानी, तेथे जिंकण्याची घाईच तपासली जाते. म्हणून संथपणा हा रचनेचा दोष नसून तिचा आशय होय.