मशीन बंद, पाणी सुरूच!
चांद्या-गडचिरोलीच्या घरांसाठी वॉशिंग मशीनच्या गळतीच्या आठ गमती आणि आठ उपाय

इथला उन्हाळा माणसाला वाळवतो, पावसाळा गावांना वेढतो. मागच्या न्हाणीत उभं असलेलं वॉशिंग मशीन मात्र बाराही महिने आपला छोटा पूर आणू शकतं. तो अडवायला फारसा खर्च लागत नाही.

१. बटण झोपतं, पाइप जागाच
मशीन बंद केलं की पाणी अडवते ती मशीनच्या आतली झडप. तोटी आणि झडप यांच्यामधला पाइप चोवीस तास दाब सोसत असतो. तो फुटला आणि घरी कोणी नसलं, तर गच्चीवरची अख्खी टाकी घरात उतरते.
उपाय: कपडे बाहेर, तोटी बंद. खर्च शून्य.

२. ऊन पाइपही खातं
चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणं नवलाचं नाही. सांदवाडीत उघड्यावर ठेवलेल्या मशीनचा पाइप उन्हाने कडक होतो, मग तडकतो.
उपाय: मशीनवर सावली हवी. पाइप वाकवून पाहा. जोडाजवळ फुगवटा किंवा बारीक भेगा दिसल्या तर बदला. काहीच दिसलं नाही, तरी पाच वर्षांनी नवा घाला.

३. एक धरण, दोन कामं
इरई धरणाचं पाणी चंद्रपूरच्या नळांना येतं आणि २,९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक वीज केंद्रालाही जातं. म्हणजे वीज आणि पाणी हे इरईचे जुने सोबती. पण त्यांची भेट न्हाणीच्या फरशीवर व्हायला नको!
उपाय: सॉकेट जमिनीपासून उंच आणि पाण्यापासून दूर. अर्थिंग पक्कं. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच.

४. सिमेंटचा भाऊ नळात
कोरपना-राजुरा पट्ट्यात चुनखडी भरपूर, म्हणूनच आवारपूर, गडचांदूरला सिमेंट कारखाने आले. बोअरच्या जड पाण्यातून हाच चुना मशीनमध्ये शिरतो. झडपेत खर बसली की ती नीट मिटत नाही आणि बंद मशीनमध्येही पाणी भरत राहतं.
उपाय: पाइपच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी महिन्यातून एकदा धुवा. खर काढायची पावडर अधूनमधून फिरवा.

५. फेसाची फसवणूक
जड पाण्यात फेस कमी होतो, म्हणून हात सैल सुटतो. तेवढीच पावडर सौम्य पाण्यात पडली की फेस साबणाच्या कप्प्यातून बाहेर येतो आणि घरात ओरड होते, ‘मशीन गळतंय!’
उपाय: हाताने धुण्याची पावडर मशीनला नको. माप डब्यावर छापलेलंच.

६. थेंबे थेंबे माती फुगे
सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरहून जास्त, महिन्याला सुमारे १३० लिटर! वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या मातीत हे पाणी मुरलं की माती फुगते, वाळली की आकसते आणि फरशी-भिंतींना भेगा पडतात.
उपाय: फरशीचा उतार नालीकडे. सांधे भरलेले.

७. साग अयोध्येला, प्लायवूड न्हाणीला
२०२३ मध्ये बल्लारपूरचं सागवान अयोध्येच्या राममंदिरासाठी रवाना झालं. सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून तो ओलीला लवकर दाद देत नाही. आपल्या न्हाणीचं दार मात्र बहुधा प्लायवूडचं. ते ओल पितं, फुगतं आणि वाळवीला आवतण देतं.
उपाय: मशीन दारापासून हातभर दूर. उंबरा दगडी.

८. पूर आला तर
इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमावरचं भामरागड पावसाळ्यात वर्षानुवर्षं जगापासून तुटत आलं आहे. जुलै २०२२ मध्ये इरईचं पाणी चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत शिरलं होतं. अशा वेळी नालीचं पाणी उलटं न्हाणीत येतं आणि बहुतेक मशीनची मोटर तळाशीच असते.
उपाय: मशीन पक्क्या, सपाट ओट्यावर. एकदा पाण्यात बुडालेलं मशीन तपासल्याशिवाय चालू करायचं नाही.

आणि गळती नेमकी कुठे?
बल्लारपूरची पेपर मिल इथल्या जंगलांतल्या बांबूवर वाढली. तेव्हा तपासाचं कामही कागदालाच देऊ. मशीनखाली जुनं वर्तमानपत्र पसरा आणि एक धुणं लावा. मागची बाजू भिजली तर नळाचा किंवा सांडपाण्याचा पाइप, पुढची भिजली तर दाराचं रबर किंवा फिल्टर. मधोमध भिजलं, तर प्लग काढा आणि मेकॅनिकला फोन लावा.