मामांची तगाई

गेल्या दिवाळीच्या तोंडावर कळंब तालुक्यातून आमची आत्या आली. आल्या आल्या तिने पिशवी माझ्यापुढे ठेवली. आत दोन वस्तू होत्या : सात-बाराचा उतारा आणि तिच्या पाटल्या.

"लेकरा, ह्या मोडून दे," ती म्हणाली. "मामांच्या नावावर सरकारचं देणं निघालंय. न्हाई फेडलं तर पोराचा पगार धरत्यात म्हणं."

आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात. मामा त्याच वर्षी वारले. वारस नोंदीसाठी उतारा काढला, तर 'इतर हक्क' या रकान्यात तगाईचा बोजा! 1972 च्या दुष्काळात त्यांनी विहिरीसाठी ती घेतली होती. विहिरीला पाणी लागले. हप्ते मात्र मध्येच थांबले. "सरकारचे देणे सात पिढ्यांना सुटत नाही," असे गावातल्या कुणा शहाण्याने आत्याला सांगून ठेवले होते.

मी पडलो मराठीचा मास्तर! उतारा घेऊन एका वकील मित्राकडे गेलो.

वाचकहो, आत्याची भीती अगदीच निराधार नव्हती. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे बापाचे कर्ज मुलाने व्याजासह आणि नातवाने बिनव्याजी फेडायचे असे. गंमत अशी, की बापाची दारू, जुगार आणि थकलेला राजदंड यांचे देणे मुलावर नव्हते! मुंबई इलाख्यात 1866 च्या कायद्याने वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरती केली; पण आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पितृऋणाचा धाक आपल्या मनात खोल रुजला तो असा. पुढे 2005 च्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांपुरता, हा पुत्रधर्म कायद्यानेही संपवला.

आजचे सूत्र सरळ आहे : देणे मृताच्या मालमत्तेचे, वारसाच्या अंगाचे नव्हे. 1908 च्या दिवाणी संहितेत हेच तत्त्व आहे. 1961 च्या आयकर कायद्यातही तेच होते. वारसाला जेवढे मिळाले, तेवढ्यापुरताच तो बांधला जातो. मात्र मिळालेली मालमत्ता विकून खाल्ली आणि देणे तसेच ठेवले, तर तेवढी रक्कम स्वतःच्या खिशातून भरावी लागते. मुलीला जमिनीत हिस्सा आहे, तसा देण्यातही आहे.

विहिरीची तगाई तर जिच्यासाठी घेतली त्या जमिनीवरच बसते, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे देणे खरे होते; टाळता येणारे नव्हते. पण त्यासाठी पुण्याच्या कारखान्यातल्या मुलाचा पगार किंवा आत्याचे स्त्रीधन यांना हात लागत नव्हता.

"मग फेडायचं कशातनं?" आत्याने विचारले.

"ज्या रानाचं देणं, त्या रानातनंच."

त्या विहिरीवर भिजलेले सोयाबीन विकून तिने पैसे भरले. त्याआधी मुद्दल किती, व्याज किती, याचा हिशेब लेखी मागितला. पावती घेतली, आणि पावतीवर न थांबता फेरफार करून बोजा उताऱ्यावरून कमी करून घेतला. नेमके हेच आपल्याकडे राहून जाते, आणि फिटलेले कर्जही नातवाच्या नावापुढे उभे राहते.

यंदा नवा उतारा घेऊन आत्या पुन्हा आली. तो रकाना तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"कोरा हाय न्हवं?"

"कोरा आहे, आत्या."

"मग मामा सुटले," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.