हॉलमधला काळोख

विरार पश्चिमेच्या आमच्या वन-बीएचकेत सोफ्याच्या पाठीपासून टीव्हीपर्यंत टेप लावली की आठ फूट दोन इंच भरतात. गेल्या दिवाळीत तिथे ५५ इंची फोर-के टीव्ही आला. दुकानात त्याने डोळे दिपवले होते. घरी पहिल्याच शनिवारी भयपट लावला. नायिका तळघरात उतरली आणि दिसेनाशीच झाली. काचेत दिसत होती आमची ट्यूबलाइट, तिच्याखाली मेथी निवडणारी आई आणि उजव्या कोपऱ्यात देवघराचा लाल झिरो बल्ब. पुतण्याने विचारलं, "काका, भूत कुठेय?" आजी म्हणाली, "मागे बघ, मी बसलेय."

तेव्हापासून या प्रकरणाचा माग काढतोय. वाचून, चार दुकानं पालथी घालून माझं मत असं झालंय, की घरच्या पडद्याची सगळी धडपड काळा रंग मिळवण्यासाठी चाललीय. इंच, पिक्सेल, स्मार्टपणा हे सगळं त्यानंतरचं.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, कल्याणला, महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे मुलगे १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' दाखवत. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, आणि पांढऱ्या पडद्यावर हलणाऱ्या आकृत्या. लुमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ ला. आमचा वसई तालुका तेव्हा त्याच ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. पटवर्धनांना काळोखासाठी पैसे मोजावे लागत नव्हते. दिवस मावळला की तो फुकट मिळे.

माझं आजोळ विरारजवळच्या आगाशीचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि पुढे आमच्याकडच्या कौलांवर बांबूला बांधलेले अँटेना मुंबईकडे तोंड करून उभे राहिले. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. वारा सुटला की एकजण वर चढायचा आणि खालून "आलं, आलं, गेलं!" अशी आरोळी उठायची. नंतर व्हीसीआर आले. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, सगळं एका रात्रीसाठी भाड्याने. मामा अंगणात खाट आडवी टाकून तिच्यावर २० इंची सेट मांडायचा. पुढे चटईवर पोरं, मागे ओट्यावर बायका, बापेमाणसं भिंतीला टेकून. तिसऱ्या सिनेमाचा शेवट कुणीच जागेपणी पाहिलेला नसे. तरी त्या पडद्याएवढा मोठा पडदा मी पुन्हा पाहिला नाही, कारण सभोवार केळीची वाडी होती आणि वाडीत मिट्ट काळोख.

तो सेट होता पिक्चर ट्यूबचा. जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउनने १८९७ मध्ये बनवलेल्या नळीचा वंशज. मागून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो, काचेच्या आतल्या लेपावर आदळतो, लेप उजळतो. सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येकी ६२५ रेषा. जिथे काळं हवं तिथे झोत बंद, म्हणजे प्रकाशच नाही. मात्र दिवसाउजेडी तीच काच राखाडी-हिरवट दिसे. रामानंद सागरांचं 'रामायण' जानेवारी १९८७ ला सुरू झालं. त्याचं चित्रीकरण आमच्याच पश्चिम रेल्वेवर, डहाणूच्या पुढे, उंबरगावला झालेलं. ते बघायचं रविवारी सकाळी, दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून. तिथे काळोखाची कुणाला पडली नव्हती.

एलसीडीने ट्यूबचं ओझं उतरवलं, पण काळा रंग घालवला. यात पडद्यामागे दिवा कायम जळत असतो आणि पुढचे द्रवस्फटिक झडपेसारखे त्याचा प्रकाश अडवतात. झडप कितीही घट्ट मिटली तरी थोडा प्रकाश झिरपतोच, म्हणून रात्रीचं आकाश दुधात राख कालवल्यासारखं दिसतं. दुकानात 'एलईडी टीव्ही' म्हणून मिळतो तोही एलसीडीच, फक्त मागचे दिवे एलईडीचे. (त्या पांढऱ्या दिव्यांच्या मुळाशी असलेल्या निळ्या एलईडीला २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं.) महागड्या सेटमध्ये मागचे दिवे तुकड्या-तुकड्यांनी मंद होतात; मग चंद्राभोवती उगाचच एक खळं पडतं. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळं ते काळंच. पण आमच्या घरी संध्याकाळी सातपासून मालिका सुरू, कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह तासन्‌तास एकाच जागी. ओएलईडीवर अशा चिन्हाचा कायमचा डाग उमटू शकतो. आजीच्या मालिका बंद करण्यापेक्षा ओएलईडीचा नाद सोडणं सोपं, म्हणून तो बेत बारगळला.

प्रोजेक्टरचाही विचार केला. बऱ्याच प्रोजेक्टरांच्या आत अतिसूक्ष्म आरसे असलेली चिप असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेकने १९८७ मध्ये ती बनवली. फुल एचडी चिपवर वीस लाखांवर आरसे. पण प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, तो फक्त उजेड फेकायचा थांबतो. मग भिंतीचा जो रंग असेल तोच तुमचा काळा. आमची भिंत पांढरी.

मुळात हॉलमध्ये काळोखच उरलेला नाही. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला झाली. २०११ च्या जनगणनेत माणसं मोजली १२ लाख २२ हजार. एवढ्या माणसांना दिवे लागणारच. समोरच्या इमारतीचा जिना रात्रभर उजळलेला, रस्त्यावरचा दिवा नेमका खिडकीच्या उंचीचा. आत स्वयंपाकघराची ट्यूब तर मालवताच येत नाही, कारण वहिनी दादरहून येते, आणि विरार लोकल उशिरा आली की जेवण दहाला. आमचा सिनेमा म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांसकट.

दुकानदार दुसरी एक गोष्ट सांगत नाहीत. समोर मधोमध बसतो फक्त एकजण. आजी खाटेवर, पोरं खाली, मी दारात. एलसीडीतल्या 'व्हीए' पॅनलचा काळा रंग गडद, पण बाजूने पाहिलं की चित्र फिकं पडतं; 'आयपीएस' बाजूनेही नीट दिसतं, पण काळा रंग कच्चा. म्हणजे घरात माणसं किती, यावर पॅनल ठरवायला हवं. पिक्सेलचं म्हणाल तर ५५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर. निरोगी डोळ्याला अंशाचा साठावा भाग ओळखता येतो, या हिशेबाने फुल एचडीचे ठिपके सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे सव्वासात फुटांवरच एकमेकांत मिसळतात. आमचा सोफा त्याच्याही मागे. फोर-केचे जादा पैसे आम्ही शेजाऱ्यांना सांगण्यासाठी भरले म्हणायचे.

शेवटी तीन गोष्टी केल्या. दुकानातला 'व्हिव्हिड' मोड काढून 'फिल्ममेकर मोड' लावला. त्याने हालचाल गुळगुळीत करणारी करामतही बंद झाली. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही त्यांच्या मधेमधे स्वतःची चित्रं घुसडतो आणि कोट्यवधींचा सिनेमा घरगुती मालिकेसारखा दिसू लागतो. याविरुद्ध २०१८ मध्ये खुद्द टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना विनवलं होतं. मग रुंद सिनेमाच्या वेळी वर-खाली पडणाऱ्या काळ्या पट्ट्यांबद्दल वडिलांची समजूत काढली. अर्ध्या फुटाहून थोडी जास्त, एवढी जागा पट्ट्या खातात, आणि "पूर्ण टीव्हीचे पैसे दिलेत" हे त्यांचं म्हणणं चूक नाही. पण झूम केलं की कडेची माणसं कापली जातात. तिसरं, आईची जुनी गोधडी खिडकीच्या पडद्यावर टाकली.

तो भयपट पुन्हा लावला. नायिका तळघरात उतरली, भिंतीची ओल दिसली, मागची सावलीही दिसली. पुतण्या माझ्या मांडीत शिरला. देवघराचा दिवा मात्र आजीने मालवू दिला नाही. आता आमच्या प्रत्येक सिनेमात, तळघर असो की अंतराळ, उजवीकडे खाली एक लाल ठिपका असतो.