मोटारीची किल्ली आणि मालकाची सही

बारामती तालुक्यातील सांगवीसारख्या गावात उसाला पाणी अनेकदा रात्री धरावे लागते. मालक रोज विहिरीवर जात नाही. स्टार्टरच्या पेटीची किल्ली तो गड्याकडे देतो. ती हरवली, तर कुलूप बदलले की काम भागते. पण समजा, त्याच किल्लीने जमिनीचे खरेदीखतही करता येत असते, तर? कोणता मालक ती गड्याच्या हाती देईल?

कूटचलनाच्या जगात नेमका हाच प्रश्न ‘मास्टरनोड’ चालवणाऱ्यांपुढे येतो. कूटचलनाची खातेवही जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘डॅश’ या चलनात काही संगणकांवर जादा काम सोपवले जाते: व्यवहारांना झटपट पक्केपणा देणे, सामाईक निधीच्या खर्चावर मत देणे. असा संगणक म्हणजे मास्टरनोड. त्यासाठी १००० डॅश बाजूला ठेवावे लागतात. ते कोणाच्या स्वाधीन करायचे नसतात, मालकाच्याच नावावर राहतात. मात्र खर्च केले की संगणक यादीतून बाद होतो. मोबदला म्हणून नव्या चलनाचा वाटा मिळतो.

अडचण अशी, की हा संगणक रात्रंदिवस इंटरनेटवर हवा आणि त्याचा पत्ता सर्वांना माहीत असतो. म्हणजे चोरालाही!

आता ‘किल्ली’ म्हणजे काय, ते वर्गातच पाहू या. एका विद्यार्थ्याने १ ते १६ मधील एक संख्या मनात धरावी. तितक्या वेळा ३ घेऊन त्यांचा गुणाकार करावा, १७ ने भागावे आणि फक्त बाकी फळ्यावर लिहावी. (प्रत्येक पायरीला बाकी घेत गेले, तर आकडे लहान राहतात.) मनात ११ असतील, तर बाकी ७ येते. आता ७ वरून ११ ओळखा! एकेक संख्या तपासून पाहण्यावाचून चटकन मार्ग सुचत नाही. मनातली संख्या ही खासगी किल्ली, फळ्यावरची ही सार्वजनिक किल्ली. इथे सोळाच शक्यता असल्याने तास संपण्याआधी उत्तर सापडेल. खरी खासगी किल्ली सुमारे ७८ अंकी असते आणि गणितही वेगळे, वक्रावरील बिंदूंचे असते. पण जाणे सोपे, परतणे अशक्यप्राय, हे सूत्र तेच. खासगी किल्लीने केलेली ‘सही’ सार्वजनिक किल्लीने कोणालाही पडताळता येते.

डॅशमध्ये पूर्वी यंत्र चालवायला आणि मत द्यायला एकच किल्ली होती. साहजिकच भाड्याने यंत्र सांभाळणारा मालकाच्या नावाने मतही देऊ शके. २०१९ पासून कामे वेगळी झाली. चालकाची किल्ली ही आपली स्टार्टरची किल्ली. यंत्रावर तेवढीच असते. मताची किल्ली निराळी. मालकाची किल्ली म्हणजे गडी बदलण्याचा अधिकार. आणि १००० डॅश ज्या किल्लीने खर्च होतात, ती या सर्वांहून वेगळी. मालकाची वा मताची किल्ली अनामतीच्या किल्लीशी जुळली, तर नोंदणीच नाकारली जाते. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण आळस माणसाला एकाच किल्लीकडे ओढतो.

मंजुरीचा अधिकार आणि जालाला जोडलेले यंत्र एकत्र आले की काय होते, ते पुण्याने ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिले. कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये काढले; पैसे काढण्याच्या विनंत्यांना मंजुरी त्यांचीच बनावट यंत्रणा देत होती. तिथे निदान बँक होती, पोलीस होते, तक्रारीला दार होते. कूटचलनात खासगी किल्ली चोरीस गेली, तर व्यवहार उलटवणारा कोणीच नसतो. शेताची उपमा इथे लंगडी पडते.

मांडणी करताना म्हणून क्रम महत्त्वाचा. अनामतीची किल्ली इंटरनेटला न जोडलेल्या उपकरणात तयार करायची, तिचे शब्द कागदावर लिहून ठेवायचे; फोटो काढायचा नाही. चालकाने आपली किल्ली स्वतःच तयार करून मालकाला फक्त तिचा सार्वजनिक भाग कळवायचा. मग मालक नोंदणी करतो. पुढे एखाद्या रात्री यंत्रात चोर शिरलाच, तर त्याच्या हाती चालकाची किल्ली लागेल. काम बिघडेल, काही काळ मोबदला बुडेल. मालक आपल्या किल्लीने नव्या चालकाची सार्वजनिक किल्ली नोंदवतो, यंत्र पुन्हा सुरू होते. हजार डॅश जागचे हललेले नसतात.